वर्गातले पाण्याचे प्रयोग : क्रम चुकला की प्रयोग फसतो

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शिक्षकांकडून एकच तक्रार ऐकू येते : "घरी करून पाहिलं तेव्हा जमलं, वर्गात मुलांसमोर जमलं नाही." प्रयोग सोपे असतात, सामान घरचंच असतं, तरी टाचणी बुडते, पेल्यातलं पाणी सांडतं, बाटलीची धार पुस्तकातल्या चित्रासारखी पडत नाही.

माझ्याही वर्गात हे झालं आहे. मिरेपूड आणि साबणाचा प्रयोग मुलांना फार आवडतो, म्हणून मी तो सगळ्यांत आधी घेतला. नंतर त्याच ताटल्या विसळून टाचणी तरंगवायला दिली. सहा गटांपैकी एकाचीही टाचणी तरंगली नाही. मुलं हिरमुसली. कारण माझ्या लक्षात आलं ते संध्याकाळी ताटल्या घासताना. एकदा विसळून साबण जात नाही, आणि त्याचा पुसटसा अंशही पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या चादरीसारखा धरून ठेवणारी ओढ, मोडायला पुरतो.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे : आधी निव्वळ पाणी, मग मीठ, मग आग आणि सर्वांत शेवटी साबण. खालची मांडणी चौथी ते सातवीच्या तीसेक मुलांसाठी, सलग दोन तासिकांची आहे. पाणी लागतं एक बादली. टंचाईच्या गावातही तेवढं निघतं.

टप्पा 1 : आदल्या दिवशीची तयारी

निम्म्याहून जास्त प्रयोग फसतात ते इथेच, म्हणून या टप्प्यावर वेळ घालवा.

गट पाच मुलांचा ठेवा. सहापेक्षा जास्त मुलं झाली की मागची दोघं फक्त पाठी पाहतात. प्रत्येक गटाला एक वाटी, एक खोलगट ताटली, एक काचेचा ग्लास, औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर, एक रुपयाचं नाणं, चार टाचण्या, वर्तमानपत्राचा तळहाताएवढा कपटा आणि पुसायला सुती फडकं द्या. शिक्षकाच्या टेबलावर दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली, एक लहान बाटली, लग्नपत्रिकेचं जाड कार्ड, लहान बटाटे, बारीक मीठ, तीन छोट्या मेणबत्त्या, शाई, मिरेपूड आणि भांडी घासायचा द्रव साबण ठेवा. साबणाची बाटली कपाटातच असू द्या. टेबलावर दिसली की कुणीतरी ती दाबतंच.

भांड्यांबद्दल दोन गोष्टी पाळा. खिचडीची ताटं आणायची नाहीत, त्यांच्यावर तेलाचा पातळ थर राहिलेला असतो. आणि घरून आणलेली वाटी साबणाने घासलेली असली तर वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळून चार-पाच वेळा विसळायची, मग उपडी घालून आपोआप वाळू द्यायची. पुसायला घेतलेलं फडकंही साबणाचं असू शकतं.

इथे तपासा : वाळलेल्या प्रत्येक वाटीत पाणी घालून स्वतः एक टाचणी तरंगवून बघा. तरंगली तर वाटी चालेल. बुडाली तर पुन्हा विसळा. सहा वाट्यांना दहा मिनिटं लागतात, पण दुसऱ्या दिवशीची फजिती टळते.

बटाटेही आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात टाकून बघा आणि तरंगलेलेच बाजूला काढा. बाटलीची छिद्रं घरीच पाडा, कशी ते टप्पा 5 मध्ये दिलं आहे.

टप्पा 2 : पाण्याला हात लावण्याआधी अंदाज

फळ्यावर तीन रकाने आखा : प्रयोग, आमचा अंदाज, काय दिसलं. प्रत्येक गटाने अंदाज वहीत लिहिल्याशिवाय त्या गटाला पाणी द्यायचं नाही. हा नियम कडक ठेवा.

याचं कारण असं की, पाहून झाल्यावर प्रत्येक मूल "मला माहीत होतं" म्हणतं आणि ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. लिहिलेला अंदाज आणि दिसलेली गोष्ट यांत फरक पडला की डोकं चालू लागतं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, हे आधीच बजावा. खोडरबर दप्तरात ठेवायला लावा.

"का" हा प्रश्न या टप्प्यावर विचारू नका. फक्त "काय होईल" आणि "किती".

टप्पा 3 : नाण्यावर किती थेंब?

पंखा बंद करा. नाणं कोरडं पुसून सपाट बाकावर ठेवा. बाक कलता असेल तर खाली वही सरकवून सरळ करा. ड्रॉपर नाण्यापासून एक सेंटिमीटरभर वर धरून एकेक थेंब सोडायचा, एकाने सोडायचा आणि दुसऱ्याने मोठ्याने मोजायचं.

मुलांचे अंदाज बहुधा पाच ते दहाच्या आत असतात. प्रत्यक्षात हात स्थिर असेल तर वीसच्या वर थेंब सहज मावतात. डोळे बाकाच्या पातळीला आणून बाजूने बघायला लावा. पाणी नाण्याच्या कडेच्या वर फुगलेलं, घुमटासारखं दिसतं. हे न बघता नुसतं मोजलं तर प्रयोगातलं खरं काम राहून जातं.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. ड्रॉपरचं टोक घुमटाला टेकतं आणि पाणी ओघळतं. नाण्याची कड ओली असते, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. दोन गट वेगवेगळ्या ड्रॉपरने केलेली मोजणी एकमेकांशी ताडून बघतात. ड्रॉपरचं तोंड मोठं असलं की थेंबही मोठा पडतो, म्हणून तुलना करायची तर एकाच ड्रॉपरने करा.

प्रत्येक गटाने तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहून ठेवायचे. हे आकडे टप्पा 9 मध्ये लागणार आहेत.

टप्पा 4 : टाचणी पाण्यावर

वाटी काठोकाठ भरून घ्या, म्हणजे बोटं वाटीच्या काठाला अडखळत नाहीत. पाणी पूर्ण थांबू द्या. वर्तमानपत्राचा बोटाएवढा तुकडा पाण्यावर ठेवा, त्यावर टाचणी आडवी ठेवा. मग दुसऱ्या टाचणीच्या टोकाने कागदाच्या कडा हळूहळू खाली दाबा. कागद भिजून बुडतो, टाचणी वर राहते.

टाचणी आधी केसांतून एकदा फिरवली तर काम सोपं होतं. भांड्याला तेल नको आणि टाचणीला चालतं, हे ऐकायला उलटं वाटेल. पण टाचणीवरच्या पुसट तेलकटपणामुळे पाणी तिला चटकन भिजवत नाही, म्हणून तिला मदत होते. भांड्याचं तेल मात्र पाण्यावर पसरतं आणि पृष्ठभागच बिघडवतं.

आता पुन्हा बाजूने बघायला लावा. टाचणीखाली पाण्याचा पृष्ठभाग किंचित दबलेला दिसतो, ताणलेल्या चादरीवर काही ठेवल्यासारखा.

इथे तपासा : "टाचणी हलकी आहे म्हणून तरंगली" असं मुलं म्हणणारच. वाद घालू नका. एका मुलाला टाचणी बोटाने पाण्याखाली ढकलायला सांगा. ती तळाला जाते आणि परत वर येत नाही. मग आगपेटीची काडी तशीच ढकला, ती वर येते. काडी पाण्यात तरंगते, टाचणी पाण्याच्या पृष्ठभागावर टेकलेली असते. हा फरक मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा.

या वाट्या टाचणीसकट खिडकीजवळ ठेवून द्या. पुढे लागतील.

टप्पा 5 : तीन छिद्रांची बाटली

सर्वांत जास्त गैरसमज या प्रयोगात आहेत. चित्रात बाटली टेबलावर असते, वरच्या छिद्राची धार जवळ पडते, मधल्या छिद्राची थोडी लांब आणि खालच्या छिद्राची सर्वांत लांब. प्रत्यक्ष टेबलावर करून बघा, तसं होत नाही. मग शिक्षकाला वाटतं की आपलंच काही चुकलं, आणि तो मुलांना "असं दिसायला हवं होतं" म्हणून चित्र दाखवतो. पाण्याने बरोबर उत्तर दिलेलं असताना आपण मुलांना चुकीचं सांगतो, हे मला फार खटकतं.

हिशेब साधा आहे. खालच्या छिद्रावर पाण्याची उंची जास्त, म्हणून दाब जास्त आणि धार वेगाने निघते. पण ते छिद्र टेबलाच्या अगदी जवळ असतं, धारेला लांब जायला वेळच मिळत नाही, ती लगेच टेबलावर आदळते. पाण्याची पातळी 24 सेंटिमीटर आणि छिद्रं तळापासून 5, 12 आणि 19 सेंटिमीटरवर असतील, तर टेबलावर वरची आणि खालची धार एकाच अंतरावर पडते, सुमारे 19 सेंटिमीटरवर. मधली सर्वांत पुढे जाते, 24 सेंटिमीटरपर्यंत.

तीच बाटली 30 सेंटिमीटर उंचीवर ठेवा, समजा उलट्या बादलीवर. आता खालची धार 50 सेंटिमीटरच्या आसपास, मधली 45 आणि वरची 31 पर्यंत जाते. छिद्राच्या कडा पाण्याला अडवतात, म्हणून प्रत्यक्षातले आकडे थोडे कमी येतील, क्रम मात्र हाच राहील. लक्षात ठेवायचं ते इतकंच : बाटलीतल्या पाण्याच्या उंचीइतकी तरी बाटली वर उचललेली हवी.

आता कृती.

छिद्रं शिक्षकानेच पाडायची, तापवलेल्या दाभणाने. तिन्हींसाठी तेच दाभण तितकंच आत घाला, म्हणजे छिद्रं सारखी पडतात. साधारण 2 ते 3 मिलिमीटर पुरे. आत-बाहेर जमलेला प्लॅस्टिकचा कंगोरा पात्याने खरवडून काढा, नाहीतर धार वाकडी जाते. छिद्रं एकाखाली एक न घेता बोटभर बाजूला सरकवत घ्या, नाहीतर वरची धार पडता पडता खालच्या धारेत मिसळते आणि काहीच कळत नाही.

तिन्ही छिद्रांवर एकच लांब चिकटपट्टी लावा, तिचं टोक दुमडून ठेवा. बाटली 24 सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत भरा. झाकण काढलेलंच असू द्या. बाटली उलट्या बादलीच्या कडेशी, छिद्रं बाहेरच्या बाजूला करून ठेवा. समोर जमिनीवर परात. पट्टी एका ओढीत काढा आणि लगेच एका मुलाला तांब्याने वरून पाणी घालत राहायला सांगा, म्हणजे पातळी खाली येत नाही. पातळी उतरली की तिन्ही धारा आखडतात आणि मोजणीला अर्थ राहत नाही.

आधी बादलीवर ठेवून करा, मग बाटली जमिनीवर परातीच्या काठाशी ठेवून. दोन्ही वेळा धारा कुठे पडल्या ते खडूने खुणा करून मोजा. धार कुठे पडते यापेक्षा छिद्रातून निघताना ती कशी निघते ते बघायला सांगा. दोन्ही वेळा खालची धार सर्वांत सरळ, ताठ निघते. दाबाचा पुरावा तो आहे.

सावधान : झाकण लावलं की पाणी थांबतं, हे दाखवायला ही बाटली घेऊ नका. तीन छिद्रं असली की वरच्या छिद्रातून हवा आत शिरते आणि खालच्यातून पाणी वाहतच राहतं. त्यासाठी एकच छिद्र असलेली लहान बाटली वेगळी ठेवा.

टप्पा 6 : उलटा ग्लास

हा लवकर उरकतो. ग्लास काठोकाठ भरा, इतका की कार्ड ठेवताना थोडं पाणी सांडावं. कार्ड सपाट ठेवा, तळहाताने दाबून धरा, बादलीवर नेऊन एका झटक्यात उलटा, मग हात काढा. ग्लास बुडाकडून धरायचा. मऊ प्लॅस्टिकचा ग्लास घेतला तर तो बोटांनी दबतो, कार्ड ढिलं होतं आणि सगळं पाणी अंगावर.

"कार्ड ओलं म्हणून चिकटलं," हे उत्तर येईल. ग्लास हळूहळू आडवा करा, कार्ड तरी पडत नाही, कारण हवा सगळीकडून रेटते. मग कार्डाचा एक कोपरा नखाने किंचित उचला. हवा आत गेली की पाणी धाडकन खाली.

टप्पा 7 : मिठाच्या पाण्यात बटाटा

अंड्याने हा प्रयोग छान होतो, पण काही घरांतली मुलं अंड्याला हात लावत नाहीत. बटाट्याने कुणाचीच अडचण होत नाही.

ग्लासात पाव लिटर साधं पाणी घ्या आणि लहान बटाटा सोडा, तो बुडतो. बटाटा काढून एक पोह्याचा चमचा बारीक मीठ घाला, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, बटाटा पुन्हा सोडा. असं एकेक चमचा वाढवत न्या. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला तो वर येतो. घाई केली की मीठ तळाशी साचतं आणि मुलं "पाच चमचे लागले" असं चुकीचं लिहितात. जाडं मीठ विरघळायला वेळ घेतं, म्हणून बारीकच घ्या. बटाट्याला चिकटलेले हवेचे बुडबुडेही बोटाने पुसून काढा, ते त्याला वर ओढतात.

मुलं हमखास म्हणतात, "मिठाने बटाटा हलका झाला." तराजू असेल तर एक वाटी साधं पाणी आणि तेवढंच एक वाटी मिठाचं पाणी दोन पारड्यांत ठेवा. मिठाच्या पाण्याचं पारडं खाली जातं. बटाटा तोच, पाणी जड झालं.

वेळ उरला तर तरंगत्या बटाट्याच्या ग्लासात साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश सोडा. साधं पाणी वर थर धरतं आणि बटाटा ग्लासाच्या मधोमध लटकलेला दिसतो.

सावधान : कुणीही पाणी चाखून बघायचं नाही. आज मीठ आहे, उद्या दुसरं काही असेल.

टप्पा 8 : मेणबत्ती आणि चढणारं पाणी

हा प्रयोग फक्त शिक्षकाने करायचा. ओढण्या मागे बांधायला लावा, मोकळे केस बांधून घ्या, मुलं टेबलापासून दोन हात लांब. ओलं फडकं हाताशी.

मेणबत्ती कोरड्या ताटलीत वितळलेल्या मेणाने घट्ट बसवा, नंतर बोटाच्या पेराएवढं शाईचं पाणी ओता. ग्लासाचा काठ जिथे टेकणार तिथे दोन नाणी ठेवा, म्हणजे पाण्याला आत यायला फट राहते. मेणबत्ती पेटवा, ग्लास उपडा घाला.

मुलांना एकच गोष्ट टिपायला सांगा : पाणी कधी चढतं, ज्योत जळत असताना की विझल्यावर?

चढतं ते मुख्यतः विझल्यावर, आणि झपकन. "ऑक्सिजन जळून संपला, त्याच्या जागी पाणी आलं" हे वर्षानुवर्षं सांगितलं जाणारं उत्तर या निरीक्षणापुढे टिकत नाही. तसं असतं तर जळताना पाणी हळूहळू चढत गेलं असतं. ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जळण्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफही तयार होते. मुख्य कारण उष्णता आहे. ज्योतीने हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांनी बाहेरही पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते.

इथे तपासा : तोच ग्लास गार झाल्यावर तीन मेणबत्त्यांवर घाला. ग्लासातली हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. हे दाखवल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

टप्पा 9 : आता साबण

कपाटातली बाटली बाहेर काढा. दातकोरणीचं टोक साबणात बुडवा, तेवढंच पुरे.

पहिल्यांदा खिडकीजवळच्या वाट्या. टाचणीपासून दूर, वाटीच्या कडेला टोक टेकवा. टाचणी बुडते. मग नाणं पुसून साबणाच्या पाण्याचे थेंब मोजा आणि टप्पा 3 चे आकडे शेजारी लिहा. थेंब कमी मावतात. किती कमी, ते प्रत्येक गट आपल्या वहीतून सांगेल.

शेवटी मिरेपूड. स्वच्छ ताटलीत पाणी, वर चिमूटभर पूड, मधोमध साबणाचं टोक. पूड क्षणात कडेला पळते. "साबणाने पुडीला ढकललं" असं दिसतं खरं. पण साबणाने मधला ताण कमी केला आणि कडेचं पाणी, ज्याचा ताण शाबूत आहे, त्याने पृष्ठभाग पुडीसकट आपल्याकडे ओढला. ही गंमत एका पाण्यात एकदाच होते. पुन्हा करायची तर ताटली विसळून, पाणी बदलून.

पुडीऐवजी हळद घेऊ नका. धुण्याच्या साबणाने हळद लाल होते आणि सगळा वर्ग रंगाच्या मागे लागतो. तो प्रयोगही सुंदर आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

टप्पा 10 : आवरताना

आधी टाचण्या मोजून घ्या, जितक्या दिल्या तितक्या परत आल्या पाहिजेत. मग फरशी पुसा, ओल्या फरशीवर मुलं घसरतात. बाटलीच्या आणि उलट्या ग्लासाच्या प्रयोगाचं पाणी बादलीत जमा झालं असेल, ते शाळेच्या झाडांना घाला. मिठाचं, साबणाचं आणि शाईचं पाणी मात्र वेगळ्या भांड्यात गोळा करून मोरीत ओता. ते त्या बादलीत मिसळू नये म्हणून एका मुलाला सुरुवातीपासूनच बादलीपाशी उभं करा.

वाट्या परत देण्याआधी विसळायला लावा, चार-पाच वेळा.